ब्लॉक उतरतो त्या रात्री वॉर्डात काय व्हावे : गोव्याच्या आरोग्य खात्याला खुले पत्र

प्रति,
मा. आरोग्यमंत्री, आरोग्य सचिव, आरोग्य सेवा संचालक, तसेच अधिष्ठाता, गोवा वैद्यकीय महाविद्यालय (गोमेकॉ), बांबोळी

विषय : छातीच्या शस्त्रक्रियेनंतर आणि बरगड्या मोडल्यावर नर्व्ह ब्लॉकने (नसांजवळ बधिर करणारे औषध सोडून) वेदनाशमन करण्याची, रात्रीसह तीन दिवसांची लेखी व्यवस्था

महोदय,

हात मोडला तर तो प्लास्टरमध्ये स्थिर ठेवता येतो. बरगडीला ती सोय नाही. माणूस मिनिटाला पंधरा-वीस वेळा श्वास घेतो आणि प्रत्येक श्वासाला जखम हलते. फुप्फुसाचा भाग काढायला छाती उघडताना दोन बरगड्या फाकवल्या जातात, मधले स्नायू कापले जातात, बरगडीच्या खालच्या कडेने जाणारी नस ताणली किंवा चेपली जाते आणि शेवटी एक-दोन जाड नळ्या बरगड्यांच्या फटीतून बाहेर काढून ठेवल्या जातात. शुद्धीवर आलेला रुग्ण मग स्वतःच उपाय शोधतो : वरवरचा श्वास घेतो आणि खोकला दाबतो. कफ साठतो, फुप्फुसाचा तळ मिटतो, ऑक्सिजन उतरतो. तिसऱ्या दिवशी ताप येतो, एक्स-रेवर डाग दिसतो आणि केसपेपरवर ‘न्यूमोनिया’ लिहिले जाते. त्याआधीच्या दोन रात्रींत खोकताना किती दुखत होते, याची नोंद त्या केसपेपरवर बहुधा नसते.

आम्ही भूलशास्त्र, अतिदक्षता, परिचर्या आणि छातीची फिजिओथेरपी या कामांतली माणसे आहोत. हे पत्र कुठल्या एका इस्पितळाविरुद्धची तक्रार नव्हे. आमचे म्हणणे एवढेच आहे की ब्लॉक सुई टोचली की संपत नाही. तो तिसऱ्या दिवसाच्या सकाळपर्यंत चालवायचा असतो आणि त्यासाठी सरकारी आदेशाची, सामानाची आणि रात्रपाळीच्या माणसांची गरज असते.

वेळेचे गणित पाहा. ०.२५ टक्के बुपिव्हाकेन या बधिर करणाऱ्या औषधाचा एकच डोस दिला तर सर्वसाधारणपणे आठ ते बारा तास आराम मिळतो. सकाळच्या यादीतले ऑपरेशन दुपारी एकला संपले आणि तेव्हाच ब्लॉक दिला, तर त्याचा असर रात्री नऊ ते एकच्या दरम्यान उतरतो. त्या वेळी वॉर्डात परिचारिका कमी, ड्युटी डॉक्टर बहुधा कॅज्युअल्टीत आणि फिजिओथेरपिस्ट घरी. मग ट्रामाडॉल किंवा फेंटानिल या अफूच्या जातीच्या वेदनाशामकांवर रात्र काढली जाते. मळमळ होते, झापड येते आणि झापडीतला रुग्ण खोकत नाही. ज्या खोकल्यासाठी ब्लॉक दिला, तो नेमका याच तासांत हरवतो.

कोणता ब्लॉक, हा प्रश्न तज्ज्ञांवर सोडावा. पण आदेश काढणाऱ्यांना त्यातला फरक ठाऊक हवा, कारण प्रत्येकाला लागणारे सामान आणि देखरेख वेगळी असते.

थोरॅसिक एपिड्युरल, म्हणजे पाठीच्या कण्यात, मज्जारज्जूच्या आवरणाबाहेर औषध सोडणे, हा भक्कम उपाय आहे. चौथ्या ते सहाव्या वक्षीय (छातीच्या) मणक्याच्या पातळीवर कॅथेटर म्हणजे बारीक नळी, त्यातून ०.१ टक्के बुपिव्हाकेन आणि प्रति मिली २ मायक्रोग्रॅम फेंटानिल, तासाला ४ ते ८ मिली. पण तो दोन्ही बाजू बधिर करतो, रक्तदाब उतरवतो, लघवी अडवतो आणि रक्त पातळ करणारी औषधे चालू असतील तर धोक्याचा ठरतो. एनॉक्सापेरिन या रक्त पातळ करणाऱ्या इंजेक्शनचा प्रतिबंधक डोस दिल्यापासून बारा तास झाल्याशिवाय एपिड्युरल कॅथेटर घालू नये आणि काढूही नये. काढण्याचा हा नियम वॉर्डात सर्वांत जास्त विसरला जातो. कॅथेटर काढल्यावर पायांत जडपणा किंवा कमजोरी आली तर ‘सकाळी बघू’ चालत नाही, त्याच तासाला एमआरआय लागतो.

पॅराव्हर्टेब्रल ब्लॉक मणक्याच्या शेजारच्या पाचरीएवढ्या जागेत, एकाच बाजूला दिला जातो. ह्यूगो झेलहाइम यांनी तो १९०५ मध्ये वापरला, मग तो मागे पडला आणि १९७९ मध्ये ईसन व वायट यांनी तो पुन्हा वापरात आणला. २०१६ च्या कॉक्रेन आढाव्याचा (अनेक चाचण्यांचा एकत्रित अभ्यास) निष्कर्ष स्पष्ट होता : छाती उघडून केलेल्या शस्त्रक्रियेनंतर वेदनाशमन एपिड्युरलच्या तोडीचे, आणि रक्तदाब उतरणे, मळमळ, खाज, लघवी अडणे हे त्रास कमी. तरीही अनेकांना तो अवघड वाटतो, कारण सुईच्या टोकापुढे लगेच फुप्फुसाचे आवरण असते. सोनोग्राफीवर औषध सोडताना हे आवरण खाली दबताना दिसले पाहिजे, तीच खूण. सोनोग्राफीशिवाय करायचा तर मणक्याच्या काट्यापासून अडीच सेंटिमीटर बाजूला, आडव्या हाडाला सुई टेकवायची आणि त्याच्या खालच्या कडेवरून फक्त एक सेंटिमीटर पुढे. हाड लागलेच नाही म्हणून सुई आणखी खोल ढकलणे, हे फुप्फुसाला भोक पडण्याचे नेहमीचे कारण. दिशा बदलावी, खोली वाढवू नये.

इथे एक गोष्ट आवर्जून सांगावीशी वाटते, कारण तिला यंत्र लागत नाही. छाती उघडी असताना सर्जन स्वतः हे कॅथेटर घालू शकतो. जखमेच्या मागच्या टोकाशी आतले आवरण बरगड्यांपासून हळूच सोलून मणक्यापर्यंत एक खिसा करायचा, वरखाली दोन-दोन बरगड्यांपर्यंत. त्वचेतून टुओही सुईने (एपिड्युरलची वाकड्या टोकाची सुई) साधे एपिड्युरल कॅथेटर आत घ्यायचे, डोळ्यांसमोर खिशात ठेवायचे आणि आवरण परत टाचायचे. पाच-दहा मिनिटांचे काम. सामान एका नेहमीच्या एपिड्युरल किटचे. आवरण फाटले तर औषध छातीच्या पोकळीत जाऊन नळीतून वाहून जाते, तेव्हा भोक शिवून घ्यावे किंवा खिसा दुसऱ्या पातळीवर करावा. बंद करण्यापूर्वी १५ ते २० मिली औषध सोडून पाहिले की आवरण फुगताना दिसते. जिथे छातीची शस्त्रक्रिया होते पण सोनोग्राफी यंत्र भूल विभागाच्या हाती नाही, तिथे ही पद्धत उद्यापासून सुरू करता येईल.

इरेक्टर स्पायनी (कण्यालगतचा उभा स्नायू) ब्लॉक २०१६ मध्ये फोरेरो आणि सहकाऱ्यांनी मांडला आणि तो झपाट्याने पसरला, कारण सुई हाडावर थांबते आणि फुप्फुसापासून लांब राहते. काट्यापासून तीन सेंटिमीटरवर, उभ्या धरलेल्या सोनोग्राफी प्रोबखाली, पाचव्या वक्षीय मणक्याचे आडवे हाड शोधायचे. ते रुंद आणि चौकोनी टोकाचे दिसते. बरगडी गोल व बारीक दिसते आणि दोन बरगड्यांमध्ये आवरणाची चमकती रेघ असते. नवखे डॉक्टर इथेच चुकतात आणि बरगडीवर औषध सोडतात. सुई हाडाला टेकली की आधी २ मिली सलाइन सोडावे. स्नायूचा पट्टा हाडावरून उचलला गेला तर जागा बरोबर. स्नायूच फुगला तर सुई आत अडकली आहे, पुढे न्यावी. मग २० मिली औषध, दर ५ मिलीला सिरिंजचा दट्ट्या मागे ओढून रक्त येत नाही ना हे पाहत. हा ब्लॉक सोपा आहे म्हणून तो पॅराव्हर्टेब्रलइतकाच खात्रीचा आहे असे मात्र कुणी समजू नये. औषध पुढच्या नसांपर्यंत किती पोचेल हे रुग्णागणिक बदलते. म्हणून अर्ध्या तासाने बर्फ किंवा थंड स्पिरिटचा बोळा त्वचेवर फिरवून कुठवर गार लागत नाही ते पाहावे आणि लिहावे. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेसाठी २०२२ च्या ‘प्रॉस्पेक्ट’ या आंतरराष्ट्रीय वेदनाशमन शिफारशींमध्ये हे दोन्ही ब्लॉक पहिल्या पसंतीचे आहेत, खाली सांगितलेला सेरेटस दुसऱ्या.

सेरेटस ब्लॉक (बरगड्यांवरच्या सेरेटस स्नायूजवळचा; ब्लांको, २०१३) काखेच्या मधल्या रेषेत, पाचव्या बरगडीच्या आसपास, रुग्णाला न वळवता देता येतो. छातीची पुढची आणि बाजूची भिंत त्यात येते, पाठीकडची येत नाही. स्तनाच्या शस्त्रक्रियेला तो आणि पेक्स (छातीच्या पुढच्या स्नायूंमधला) ब्लॉक चांगले. उरोस्थी कापून केलेल्या हृदयशस्त्रक्रियेत उरोस्थीच्या दोन्ही कडांना, स्नायूंच्या थरांमध्ये दिलेले ब्लॉक उपयोगी पडतात. आणि काहीच जमत नसेल तर सर्जनने छाती मिटण्यापूर्वी पाच फटींत, प्रत्येकी ३ ते ४ मिली औषध बरगडीच्या खालच्या कडेला सोडावे. सहा-आठ तास तरी निभावतात.

छातीच्या ऑपरेशननंतरचे खांद्याचे दुखणे यांतल्या कुठल्याही ब्लॉकने जात नाही. ते श्वासपटलाच्या नसेमार्फत येते. हे माहीत नसले की चांगला चाललेला ब्लॉक ‘फेल’ ठरवून बंद केला जातो. त्याला पॅरासिटामॉल १ ग्रॅम दर सहा तासांनी, मूत्रपिंडे ठीक असतील तर डायक्लोफिनॅकसारखे औषध आणि नळीचे टोक वरती टोचत असेल तर ती थोडी मागे घेणे, हे उपाय. पॅरासिटामॉल तर प्रत्येक ब्लॉकसोबत, दुखण्याची वाट न पाहता, ठरल्या वेळी द्यायचेच असते.

आता मात्रा. ही बाब आम्हाला सर्वांत जास्त काळजीची वाटते. बुपिव्हाकेनची मर्यादा किलोमागे २ मिग्रॅ धरावी, रोपिव्हाकेन या तशाच औषधाची ३ मिग्रॅ. ४५ किलोच्या बाईला बुपिव्हाकेन ९० मिग्रॅपर्यंत चालेल. भूलतज्ज्ञाने ०.२५ टक्क्याचे २० मिली दिले, म्हणजे ५० मिग्रॅ. सर्जनने जखमेत ०.५ टक्क्याचे १० मिली मारले, म्हणजे आणखी ५० मिग्रॅ. दोघांनीही आपापल्या हिशेबाने थोडेच दिले आणि मर्यादा ओलांडली गेली. म्हणून फळ्यावर एकच आकडा असावा : या रुग्णाला एकूण किती मिग्रॅ, आतापर्यंत किती दिले. बरगड्यांमधल्या जागेतून औषध रक्तात सर्वांत वेगाने जाते, हेही तिथे लक्षात ठेवावे.

रक्तात औषध जास्त झाले की तोंडाभोवती मुंग्या, कानात आवाज, जिभेवर धातूची चव, अस्वस्थता किंवा असंबद्ध बडबड, मग झटके, मग हृदयाची गती बिघडणे. भुलेखालच्या रुग्णात पहिल्या खुणा दिसतच नाहीत, थेट शेवटची दिसते. इलाज २० टक्के लिपिड इमल्शन (शिरेतून द्यायचे चरबीचे दुधाळ द्रावण). किलोमागे १.५ मिली दोन-तीन मिनिटांत, मग मिनिटाला किलोमागे ०.२५ मिली, एकूण मर्यादा किलोमागे १२ मिली. ६० किलोच्या माणसाला पहिलाच डोस ९० मिलीचा आणि पुढे मिनिटाला १५ मिली. २५० मिलीची एक बाटली पहिल्या डोसनंतर अकरा मिनिटांच्या आत संपते. म्हणून ब्लॉक दिला जातो त्या प्रत्येक ठिकाणी किमान ५०० मिली हवे, तेही हाताशी. फार्मसीच्या कुलपात नको. प्रोपोफॉल हे भुलेचे औषधही पांढरे दिसते, पण ते त्याची जागा घेऊ शकत नाही. ॲड्रिनालिन लागले तर छोट्या मात्रेत, किलोमागे १ मायक्रोग्रॅमपर्यंत. लिपिडचा साठा नसेल तर त्या इस्पितळात त्या दिवशी ब्लॉक देऊ नये, असे आदेशातच लिहावे.

आता वॉर्ड. कॅथेटरमधून ०.१२५ टक्के बुपिव्हाकेन तासाला ६ मिली चालवले तर दिवसाला १८० मिग्रॅ होतात. वयस्कर किंवा यकृत बिघडलेल्या रुग्णाला याहून कमी. ५० मिलीची सिरिंज या गतीने आठ तास आणि थोडी मिनिटे पुरते. संध्याकाळी सहाला भरलेली सिरिंज रात्री दोनला रिकामी होते. पंप वाजतो, नवी सिरिंज तयार नसते, पंप बंद केला जातो आणि पहाटे रुग्ण कण्हत असतो. यावर महागडी यंत्रणा लागत नाही. रात्रपाळी सुरू होताच दुसरी सिरिंज भरून, लेबल लावून ठेवायची, एवढेच. इरेक्टर स्पायनी आणि सेरेटसच्या कॅथेटरला तर सतत थेंब-थेंब देण्यापेक्षा दर सहा ते आठ तासांनी १५ ते २० मिली एकदम देणे बहुधा चांगले, कारण हे औषध थर उचलूनच पसरते. त्याची वेळही केसपेपरवर आधीच लिहिलेली असावी.

गोव्याच्या हवेत एक अडचण वेगळीच. एप्रिल-मेमधल्या घामाने आणि पावसाळ्यातल्या दमट हवेने पाठीवरची चिकटपट्टी एका रात्रीत सुटते आणि कॅथेटर चादरीबरोबर निघून येते. कॅथेटर ३ ते ५ सेंटिमीटर आत, त्वचेखालून थोडे फिरवून, बाहेर येते तिथे त्वचेच्या गोंदाचा थेंब, वर पारदर्शक पट्टी, आणि खांद्यावरून पुढे आणून छातीवर चिकटवलेली नळी. प्रत्येक पाळीत पट्टी उचलून नव्हे, तिच्यातून आरपार पाहून किती सेंटिमीटरची खूण दिसते ते लिहावे.

ब्लॉकच्या नळीला पिवळे लेबल हवे आणि मध्ये इंजेक्शनची एकही तोटी नको. शिरेत जायचे औषध ब्लॉकमध्ये किंवा ब्लॉकचे औषध शिरेत जाणे ही जगभर झालेली आणि जीव घेणारी चूक आहे.

परिचारिकेने विचारायचा प्रश्नही नेमका हवा. ‘दुखते का?’ असे पडून असलेल्या रुग्णाला विचारले तर तो ‘थोडेसे’ म्हणतो. त्याला उशी छातीशी धरून खोकायला सांगावे आणि मग शून्य ते दहा यांपैकी आकडा विचारावा, कोकणीत, मराठीत, हिंदीत, ज्याला जी भाषा कळेल तीत. सोबत तीन गोळ्यांच्या स्पायरोमीटरवर (श्वास ओढून गोळ्या उचलण्याचे उपकरण) किती गोळ्या वर गेल्या तेही लिहावे. खोकतानाचा आकडा चारच्या वर गेला की क्रम ठरलेला : पंप चालू आहे का, जोड सुटला आहे का, पट्टी ओली आहे का, कॅथेटरची खूण सरकली आहे का. सगळे ठीक असेल तर लिहून ठेवलेला जादा डोस, त्यानंतर अर्धा तास रक्तदाब आणि नाडी. तरीही उतार नसेल तर भूलतज्ज्ञाला फोन. तो फोन कुणी उचलायचा, त्याचे पद आणि पाळी प्रत्येक रात्रीसाठी आधी ठरलेली असली पाहिजे. फोन करणाऱ्या परिचारिकेला ‘एवढ्यासाठी उठवले’ असे एकदा जरी ऐकावे लागले, तर ती पुन्हा फोन करणार नाही.

आता बरगड्यांविषयी, कारण गोव्यात फुप्फुसाच्या ऑपरेशनपेक्षा हे रुग्ण कितीतरी जास्त. दुचाकीवरून पडलेला तरुण, माडावरून पडलेला पाडेली, न्हाणीत घसरलेली सत्तरीची आजी. तीन किंवा अधिक बरगड्या मोडल्या आणि वय ६५ च्या वर असेल तर तो ‘साधा मार’ नव्हे. पहिल्या दिवशी बोलणारा हा रुग्ण तिसऱ्या दिवशी व्हेंटिलेटरवर जाऊ शकतो. मोड पुढे किंवा बाजूला असेल तर सेरेटस, मागे असेल तर इरेक्टर स्पायनी. छातीत नळी नसलेल्या आणि व्हेंटिलेटरवर जाण्याची शक्यता असलेल्या रुग्णात पॅराव्हर्टेब्रल देताना जास्त जपावे, कारण फुप्फुसाला लहानसे भोक पडले तरी यंत्राच्या दाबाने त्यातून हवा छातीत भरत जाते. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर वरवरचे ब्लॉक तुलनेने सुरक्षित, कारण तिथे रक्तस्राव झाला तर हाताने दाबता येतो.

काणकोणहून, वाळपईहून किंवा पेडण्याहून बांबोळीला येताना १०८ च्या गाडीत प्रत्येक खड्ड्याला या रुग्णाची छाती हलते. म्हापसा आणि मडगावच्या जिल्हा इस्पितळांत, तसेच फोंड्यात, प्रशिक्षित भूलतज्ज्ञाने पाठवण्यापूर्वी एक ब्लॉक दिला तर प्रवास सुसह्य होईल. मात्र आधी पोटातला रक्तस्राव आणि छातीत साठलेली हवा तपासून घ्यावी, आणि ब्लॉकनंतर निदान अर्धा तास मॉनिटरवर ठेवूनच गाडीत घालावे. ब्लॉकचे नाव, बाजू, वेळ, औषध आणि मिग्रॅ हे रेफरलच्या कागदावर आणि रुग्णाच्या मनगटपट्टीवर, दोन्हीकडे लिहिलेले हवे. नाहीतर पुढच्या इस्पितळात कुणी दोन तासांनी पुन्हा पूर्ण मात्रा देईल. सुई टोचण्यापूर्वी दोघांनी मोठ्याने बाजू म्हणायची, एवढी शिस्तही याच कागदाने लागेल.

सोनोग्राफी यंत्रांची एक प्रशासकीय अडचण आपणच सोडवू शकता. पीसीपीएनडीटी (गर्भलिंगनिदान प्रतिबंधक) कायद्याखाली प्रत्येक यंत्राची नोंदणी लागते आणि ती योग्यच आहे. पण त्या नोंदणीच्या धास्तीने यंत्र रेडिओलॉजीच्या खोलीतच राहते आणि ऑपरेशन थिएटर, आयसीयू, कॅज्युअल्टी कोरडी राहतात. भूल विभागाच्या नावे यंत्र, वापरण्याची जागा आणि वापरणाऱ्या डॉक्टरांची नावे यांची नोंद एकाच वेळी पुरी करून द्यावी. साधा उच्च वारंवारितेचा लिनियर प्रोब पुरतो, जाड रुग्णांसाठी कर्व्हिलिनियर. पोट पाहायचे भारी यंत्र या कामासाठी मागू नये.

दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेच्या (राज्याची आरोग्य विमा योजना) दरांत छातीच्या शस्त्रक्रियेच्या पॅकेजशेजारी ब्लॉक कॅथेटर आणि तीन दिवसांचे औषध या बाबी स्वतंत्र ओळीने दिसाव्यात. खर्च कुठून करायचा हे स्पष्ट नसले की खाजगी इस्पितळात सर्वांत आधी कॅथेटर वगळले जाते आणि एका इंजेक्शनवर भागवले जाते.

दुखणे लांबण्याविषयीही थोडे. छाती उघडून केलेल्या शस्त्रक्रियेनंतर तीन महिन्यांनीही निम्म्याच्या आसपास रुग्णांना काही ना काही दुखते. बहुतेकांचे सौम्य असते, पण काहींना सदऱ्याचा स्पर्श सोसत नाही. ब्लॉकने हे हमखास टळते असा दावा आम्ही करणार नाही, पुरावा तेवढा भक्कम नाही. मात्र तीन महिन्यांनी बाह्यरुग्ण विभागात हा एक प्रश्न विचारला गेला तर नसेचे दुखणे ओळखून गॅबापेंटिनसारखे औषध वेळेवर देता येईल. आज रुग्ण ‘ऑपरेशन झाले म्हणजे दुखणारच’ असे समजून गप्प बसतो.

आमची मागणी अशी. आरोग्य खात्याने एकच राज्यस्तरीय लेखी पद्धती काढावी, जी गोमेकॉला, दोन्ही जिल्हा इस्पितळांना आणि योजनेत असलेल्या खाजगी इस्पितळांना लागू असेल. ‘वेदना फेरी’ दिवसातून दोनदा व्हावी, त्यातली एक रात्री आठनंतर, एक भूलतज्ज्ञ आणि एक परिचारिका मिळून. भूल विभागाच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या पाळीत ती फेरी धरली जावी, जादा काम म्हणून नव्हे. प्रत्येक ब्लॉकची एका पानाची नोंद असावी आणि दर महिन्याला त्यातली तीनच उत्तरे वर पाठवावीत : रात्री बारा वाजता खोकताना आकडा किती होता, कॅथेटर किती तास टिकले, फोन केल्यावर कुणी किती वेळात आले. परिचारिकांचे प्रशिक्षण, सिरिंजची लेबले, रात्रीच्या क्रमाचा कोकणी-मराठी तक्ता, यांचा मसुदा तयार करायला आम्ही मोबदला न घेता बसू. सुरुवात एका वॉर्डापासून करावी आणि पावसाळ्याआधी करावी, म्हणजे चिकटपट्ट्यांची खरी परीक्षा पहिल्याच वर्षी होईल.

आपले,
गोव्यातील काही भूलतज्ज्ञ, अतिदक्षता परिचारिका व छातीचे फिजिओथेरपिस्ट